उष्णतेचा हिशेब कसा मांडायचा: बर्फापासून वाफेपर्यंत

अकरावीला गेलेल्या मुलांना या प्रकरणात अडखळताना मी दर वर्षी पाहतो. सूत्रं मोजून दोन, गुणाकार पाचवी-सहावीतले, तरीही उत्तर चुकतं. चूक सहसा गणितात नसते. मुलं आकडे आधी घालतात आणि पदार्थ कोणत्या वाटेने गेला हे बघायचंच राहून जातं. मासळीच्या धंद्यात नव्याने उतरलेल्यांचीही थोडीफार तीच अडचण असते. पेटीत बर्फ किती घालावा, तो किती तास टिकेल हे सगळं अंदाजावर चालतं, कारण हा हिशेब कुठून सुरू करायचा ते कुणी समोर बसवून सांगितलेलं नसतं. हा लेख दोघांसाठीही आहे. कागद, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर जवळ ठेवा आणि उदाहरणं नुसती वाचू नका, सोबत सोडवा.

दोन कामं, दोन सूत्रं

पदार्थाला उष्णता दिली की दोहोंपैकी एक गोष्ट होते. एक तर त्याचं तापमान वाढतं, नाही तर त्याची अवस्था बदलते, म्हणजे घनाचा द्रव होतो किंवा द्रवाची वाफ. दाब तोच असेल आणि पदार्थ शुद्ध असेल, तर ही दोन्ही कामं एकाच वेळी होत नाहीत. या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच आहे, म्हणून ते वहीत वर लिहून ठेवा: एका टप्प्यात एकच काम.

हे डोळ्यांनी बघता येतं. टोपात पाणी तापत ठेवा आणि त्यात तापमापी धरा. आकडा २७ वरून निघतो, ५०, ८०, ९५ असा चढत जातो आणि १०० ला येऊन थांबतो. आता आच मोठी करा. पाणी जास्त खळखळेल, वाफ भराभर सुटेल, पण आकडा शंभरावरून हलणार नाही. खालून उष्णता तर सतत मिळते आहे. ती सगळी पाण्याचे रेणू एकमेकांपासून सोडवण्यात खर्च होते, त्यामुळे तापमापीवर तिचा पत्ता लागत नाही. म्हणूनच तिला अप्रकट उष्मा म्हणतात.

१७६०च्या दशकात ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने हे प्रयोगाने दाखवलं. तोवर समज असा होता की बर्फ एकदा शून्य अंशाला आला, की आणखी जराशी उष्णता मिळताच तो सगळा पाणी होऊन जाईल. ब्लॅकचा मुद्दा साधा होता. तसं असतं, तर थंड मुलखात ऊन पडताच डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम वितळून पूर आले असते. प्रत्यक्षात तो आठवडेच्या आठवडे हळूहळू वितळत राहतो, कारण वितळण्यासाठी त्याला वेगळी, भरपूर उष्णता लागते.

आता सूत्रं. तापमान बदलत असेल तेव्हा:

उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्माधारकता × तापमानातील फरक

अवस्था बदलत असेल तेव्हा:

उष्णता = वस्तुमान × अप्रकट उष्मा

दुसऱ्या सूत्रात तापमानाला जागाच नाही, हे नीट पाहून घ्या. जिथे तापमान हलतच नाही तिथे फरक शून्य. घाईत पहिलं सूत्र वापरलं तर उत्तरही शून्य येतं आणि हिशेबातला सर्वांत मोठा आकडा गळून जातो.

हाताशी ठेवायचे आकडे

विशिष्ट उष्माधारकता म्हणजे एक ग्रॅम पदार्थ एक अंश सेल्सिअसने तापवायला लागणारी उष्णता. नेहमी लागणाऱ्या किमती या:

पाणी: ४.१८ ज्यूल
बर्फ: २.१ ज्यूल
वाफ: २.० ज्यूल
ॲल्युमिनियम: ०.९० ज्यूल
लोखंड: ०.४५ ज्यूल
तांबं: ०.३९ ज्यूल

अप्रकट उष्म्याचे दोन आकडे पुरतात. बर्फ वितळताना दर ग्रॅमला ३३४ ज्यूल आणि पाणी १०० अंशांना उकळून त्याची वाफ होताना दर ग्रॅमला २२५७ ज्यूल. उलट दिशेने जाताना, म्हणजे पाणी गोठताना किंवा वाफेचं पाणी होताना, तेवढीच उष्णता बाहेर पडते.

एककांची एक सोय लक्षात ठेवा. ग्रॅमला इतके ज्यूल म्हणा किंवा किलोग्रॅमला तितकेच किलोज्यूल म्हणा, आकडा तोच राहतो. त्यामुळे वस्तुमान किलोत घेतलं तर उत्तर थेट किलोज्यूलमध्ये मिळतं आणि शून्यांचा गोंधळ होत नाही. ग्रॅम आणि किलोज्यूल मात्र एकाच ओळीत मिसळू नका. काही पुस्तकांत कॅलरी असते. तिथे पाण्यासाठी १, वितळण्यासाठी ८० आणि वाफेसाठी ५४० हे आकडे येतात, आणि एक कॅलरी म्हणजे साधारण ४.१८ ज्यूल. तापमानाचा फरक अंश सेल्सिअसमध्ये घ्या की केल्विनमध्ये, तो सारखाच येतो, त्यामुळे तिथे २७३ मिळवत बसायची गरज नाही.

गोव्याच्या किनारपट्टीवर पाण्याचा उत्कलनांक बिनधास्त १०० धरावा, कारण आपण समुद्रसपाटीला आहोत. उंचीवर तो दर तीनशे मीटरला साधारण एक अंशाने उतरतो, म्हणजे चोर्ल्याच्या घाटमाथ्यावर पाणी शंभरच्या थोडं आधीच उकळू लागतं.

आधी वाट आखा, मग आकडे घाला

नमुन्याचं उदाहरण घेऊ. उणे १० अंशांवरच्या १०० ग्रॅम बर्फाची ११० अंशांची वाफ करायची आहे. उष्णता किती लागेल?

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. कागदावर एक उभी आणि एक आडवी रेघ काढा. उभ्या रेघेवर तापमान, आडव्या रेघेवर दिलेली उष्णता. उभ्या रेघेवर चार खुणा करा: उणे १०, ०, १०० आणि ११०. आता वाट काढा. उणे १० ते ० चढ, कारण बर्फ तापतो. ० वर सपाटी, कारण बर्फ वितळतो. ० ते १०० पुन्हा चढ. १०० वर पुन्हा सपाटी, आणि ही बरीच लांब. शेवटी १०० ते ११० छोटा चढ. म्हणजे पाच टप्पे झाले. जिथे चढ आहे तिथे पहिलं सूत्र, जिथे सपाटी आहे तिथे दुसरं.

बर्फ तापवणं: १०० × २.१ × १० = २,१०० ज्यूल
बर्फ वितळवणं: १०० × ३३४ = ३३,४०० ज्यूल
पाणी तापवणं: १०० × ४.१८ × १०० = ४१,८०० ज्यूल
पाण्याची वाफ करणं: १०० × २२५७ = २,२५,७०० ज्यूल
वाफ तापवणं: १०० × २.० × १० = २,००० ज्यूल

बेरीज ३,०५,००० ज्यूल, म्हणजे ३०५ किलोज्यूल.

इथे थोडं थांबा आणि आकड्यांकडे पुन्हा बघा. पाच टप्प्यांपैकी एकट्या वाफेच्या टप्प्याने एकूण उष्णतेचा जवळजवळ तीन-चतुर्थांश वाटा खाल्ला. पहिला आणि शेवटचा टप्पा विसरलात तरी उत्तर थोडंसंच चुकेल. सपाटीचा टप्पा विसरलात तर मात्र उत्तर कशाच्या कामाचं उरत नाही. आता एक लिटर पाणी २७ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला किती उष्णता लागते तेही काढा: १००० × ४.१८ × ७३ = ३,०५,१४० ज्यूल. तीही ३०५ किलोज्यूलच! फ्रीजरमधून काढलेला मूठभर बर्फ पूर्ण वाफ करायला लागणारी उष्णता आणि लिटरभर चहाचं पाणी उकळीला आणायला लागणारी उष्णता जवळपास सारखी. मुलांसमोर हे दोन हिशेब मी शेजारी शेजारी मांडतो, कारण अप्रकट उष्म्याचा आकार त्यातून जितका चटकन कळतो तितका व्याख्येतून कळत नाही.

भांड्याचा हिशेबही धरायचा असेल तर तो वेगळ्या ओळीत लिहा. ४०० ग्रॅमचा ॲल्युमिनियमचा टोप २७ वरून १०० वर जाताना ४०० × ०.९० × ७३ = २६,२८० ज्यूल घेतो. पाण्याच्या मानाने तो अकरावा हिस्सासुद्धा नाही. एवढं जड भांडं इतकी कमी उष्णता घेतं, कारण धातूंची उष्माधारकता पाण्यापेक्षा फारच कमी असते.

पेज, आच आणि झाकण

उकड्या तांदळाची पेज शिजायला वेळ लागतो, आणि बऱ्याच घरांत ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्या आचेवर असते. आपला हिशेब इथे लावून बघा. एकदा उकळी आली की टोपातलं तापमान १०० च्या वर जाणार नाही, आच कितीही वाढवा. तांदूळ शिजतो तो तापमानामुळे. म्हणजे जादा आच पेज लवकर शिजवत नाही, फक्त पाणी उडवते.

ते उडवणं किती महाग आहे ते पाहा. वाटीभर, म्हणजे २०० ग्रॅम पाणी उकळून उडालं, तर २०० × २२५७ = ४,५१,४०० ज्यूल खर्च झाले. लिटरभर गार पाणी उकळीला आणायला ३०५ किलोज्यूल लागले होते, आणि हे वाटीभर पाणी ४५१ घेऊन गेलं. किलोभर एलपीजी जळाला की साधारण ४६,००० किलोज्यूल उष्णता मिळते आणि घरच्या शेगडीवर त्यातली सुमारे दोन-तृतीयांश भांड्याला लागते. म्हणजे त्या वाटीभर वाफेमागे १५ ग्रॅमच्या आसपास गॅस गेला. एका दिवसाला हे फार नाही, पण रोजची पेज, रोजची आमटी धरली तर १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये त्याचा फरक दिसतो. उकळी येईपर्यंत मोठी आच, नंतर बारीक आच आणि वर झाकण, या जुन्या सवयीमागे हा हिशेब आहे.

झाकणाबरोबर एक इशारा. हळदीच्या पानातल्या पातोळ्या वाफवून झाल्यावर झाकण काढताना हात भाजतो, तो उकळत्या पाण्याच्या शिंतोड्यापेक्षा कितीतरी जास्त. १० ग्रॅम वाफ हातावर पडली आणि तिचं ३७ अंशांचं पाणी झालं, तर आधी १० × २२५७ = २२,५७० ज्यूल आणि नंतर १० × ४.१८ × ६३ = २,६३३ ज्यूल, असे एकूण २५,२०३ ज्यूल त्वचेत जातात. तेवढंच उकळतं पाणी पडलं असतं तर फक्त २,६३३. फरक साडेनऊपटीचा आहे. झाकण नेहमी स्वतःपासून दूर कलतं करून उघडा.

मासळीच्या पेटीत बर्फ किती

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण इथे हिशेब चुकला तर माल खराब होतो. मालीम, कुटबण किंवा खारीवाड्याच्या जेटीवरून घेतलेले १० किलो बांगडे आहेत, तापमान ३० अंश. ते ० अंशांपर्यंत आणायचे आहेत. बर्फ किती लागेल?

वाट आखा. मासळीतलं पाणी शून्याच्या थोडं खाली गेल्यावर गोठू लागतं, त्यामुळे ३० ते ० या प्रवासात मासळीची अवस्था बदलत नाही. तिचा एकच टप्पा, उताराचा. ताज्या मासळीची उष्माधारकता किलोला साधारण ३.३५ किलोज्यूल धरतात. मासळीने गमवायची उष्णता: १० × ३.३५ × ३० = १,००५ किलोज्यूल.

ही उष्णता कोण घेणार? बर्फ, वितळताना, किलोला ३३४ किलोज्यूल. १,००५ ÷ ३३४ = ३ किलो. म्हणजे मासळी नुसती गार करायला तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी बर्फ पुरतो.

मग आपल्याकडच्यासारख्या उष्ण हवेत मासळीइतकाच बर्फ घ्या, असा सल्ला का देतात? कारण पेटी. बाहेरची उष्णता भिंतीतून, झाकणाच्या फटीतून सतत आत येत राहते आणि ती उष्णताही बर्फालाच घ्यावी लागते. ही गळती पुस्तकातून मिळत नाही, पण तुमच्या पेटीची गळती तुम्ही स्वतः मोजू शकता, आणि मोजायचं साधन बर्फच आहे. पेटी रिकामी करा, तिच्यात पाण्याचा निचरा केलेला ५ किलो बर्फ ठेवा, झाकण लावून जिथे ती एरवी ठेवता तिथेच ठेवून द्या. काही तासांनी तळाचं पाणी काढून मोजा. समजा ६ तासांत १.२ लिटर पाणी निघालं. म्हणजे पेटीत १.२ × ३३४ = ४०१ किलोज्यूल उष्णता शिरली, तासाला सुमारे ६७ किलोज्यूल.

आता माल १२ तास ठेवायचा असेल तर गळतीसाठी १२ × ६७ = ८०४ किलोज्यूल, म्हणजे २.४ किलो बर्फ. मासळी गार करायला ३ किलो, गळतीला २.४, मिळून ५.४ किलो. झाकण वारंवार उघडणार असाल, पेटी उन्हात असेल किंवा टेम्पोत तापणार असेल, तर हा आकडा वाढतो आणि बघता बघता मासळीइतका होतो. चांगल्या जाड भिंतीची पेटी घेतल्याने बर्फात नेमकी किती बचत होईल, हेही याच प्रयोगातून कळतं. नवी पेटी विकत घेण्याआधी हा प्रयोग जरूर करावा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

दोन बारकावे राहिले. कारखान्यातून निघालेला बर्फ शून्याखाली असतो, समजा उणे ५. तो शून्यावर येताना किलोला फक्त २.१ × ५ = १०.५ किलोज्यूल घेतो. ३३४ पुढे हे किरकोळ आहे, हिशेबात सोडून दिलं तरी चालेल. पण बर्फ ओला असेल, म्हणजे आधीच अर्धवट वितळलेला असेल, तर त्यातलं पाणी ३३४ किलोज्यूल घेऊ शकत नाही. त्याने आपलं काम आधीच उरकलेलं असतं. वजन करताना पाणी निथळू द्या.

एसीच्या टनाचं मूळही इथेच आहे. अमेरिकेतला एक टन, म्हणजे ९०७ किलो, शून्य अंशाचं पाणी २४ तासांत गोठवायला जितक्या वेगाने उष्णता काढावी लागते, तो एक टन. ९०७ × ३३४ = ३,०२,९३८ किलोज्यूल, भागिले ८६,४०० सेकंद, म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट. दीड टनाचा एसी खोलीतून सुमारे सव्वापाच किलोवॅट वेगाने उष्णता बाहेर काढू शकतो. तो विजेच्या तारेतून किती किलोवॅट ओढतो हा निराळा प्रश्न आहे, तिथे गल्लत करू नका.

गरम आणि गार एकत्र केलं तर

इथे नियम एकच: गरम पदार्थाने गमावलेली उष्णता म्हणजे गार पदार्थाने मिळवलेली उष्णता. दोन्ही बाजू वेगवेगळ्या लिहा आणि शेवटी समान ठेवा.

आंघोळीसाठी ५ लिटर उकळतं पाणी आहे, विहिरीचं पाणी २७ अंशांचं, आणि हवं आहे ४२ अंशांचं. गरम बाजू: ५ × ४.१८ × (१०० − ४२). गार बाजू: लिटर × ४.१८ × (४२ − २७). दोन्हीकडचा ४.१८ गेला, उरलं २९० = लिटर × १५. उत्तर १९.३ लिटर. अवस्था कुठेच बदलली नाही म्हणून हे सोपं होतं.

बर्फ आला की सावध व्हा. २०० ग्रॅम कोकम सरबत २८ अंशांवर आहे, ते ५ अंशांवर आणायचं आहे, बर्फ ० अंशाचा. सरबत बहुतेक पाणीच म्हणून उष्माधारकता ४.१८ धरू. सरबत गमावणार: २०० × ४.१८ × २३ = १९,२२८ ज्यूल. बर्फाची वाट दोन टप्प्यांची आहे: आधी वितळणार, मग झालेलं पाणी ० वरून ५ वर जाणार. दर ग्रॅमला ३३४ + ४.१८ × ५ = ३५४.९ ज्यूल. उत्तर सुमारे ५४ ग्रॅम बर्फ. दुसरा टप्पा मुलं हमखास विसरतात.

परीक्षेत याहून अवघड सापळा असतो. २८ अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात ० अंशाचा ५० ग्रॅम बर्फ टाकला, शेवटचं तापमान किती? सरधोपट समीकरण मांडलं तर उत्तर उणे ८ च्या आसपास येतं. शून्याच्या बर्फाने पाणी शून्याखाली कसं जाईल? समीकरणात आपण सगळा बर्फ वितळला असं गृहीत धरलं, तिथेच घोटाळा झाला. म्हणून अशा गणितात आधी झडती घ्या. पाणी शून्यावर येईपर्यंत जास्तीत जास्त १०० × ४.१८ × २८ = ११,७०४ ज्यूल देऊ शकतं. सगळा बर्फ वितळायला हवेत ५० × ३३४ = १६,७०० ज्यूल. देणं कमी, मागणी जास्त. म्हणजे ११,७०४ ÷ ३३४ = ३५ ग्रॅमच बर्फ वितळेल, १५ ग्रॅम तरंगत राहील, आणि शेवटचं तापमान ० अंश. उष्णता पुरेल की नाही हे तपासल्याशिवाय समीकरण मांडू नका.

मिठागरात न उकळता

वाफ व्हायला पाणी उकळलंच पाहिजे असं नाही. आगरवाडा, हडफडे, रायबंदर इथल्या मिठागरांत खारं पाणी ३० अंशांच्या आसपासच वाफ होऊन जातं. सूत्र तेच, पण अप्रकट उष्म्याचा आकडा बदलतो. ३० अंशांवर तो किलोला सुमारे २४३० किलोज्यूल असतो, म्हणजे १०० अंशांपेक्षा थोडा जास्त, कारण थंड पाण्याचे रेणू सुटायला जास्त ऊर्जा मागतात. २२५७ हा आकडा फक्त १०० अंशांचा आहे, तो सगळीकडे डोळे मिटून वापरू नये.

समुद्राच्या किलोभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. किलोभर मिठासाठी १००० ÷ ३५ = २८.६ किलो खारं पाणी घ्यावं लागेल, त्यातलं २७.६ किलो पाणी उडवायचं. २७.६ × २४३० = सुमारे ६७,००० किलोज्यूल. विजेचं एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल, तर हे झाले १८.६ युनिट. शेगडीवर करायचं म्हटलं, तर एक कणही वाया न जाता जवळपास दीड किलो गॅस लागेल, आणि नेहमीची गळती धरली तर दोन किलोच्या वर. एक किलो मिठासाठी! उन्हाळ्यात आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसाला सहा युनिटांच्या आसपास ऊन पडतं. ते सगळं पाणी उडवण्यात लागलं असतं तर चौरस मीटरभर वाफ्यात तीन दिवसांनी किलोभर मीठ तयार झालं असतं. प्रत्यक्षात बराच हिस्सा परावर्तित होतो, जमिनीत जातो, हवेत जातो, म्हणून जास्त दिवस लागतात. वारा आणि कोरडी हवा इथे मदत करतात. पाऊस पडला की सगळंच थांबतं. मिठागरांचे वाफे इतके पसरट आणि उथळ का असतात, हे या हिशेबानंतर वेगळं समजवावं लागत नाही.

भट्टीपाशी सूत्र कुठे अडतं

काजूच्या भट्टीत उकळतं ते शुद्ध पाणी नसतं. आंबवलेल्या नीरोत, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसात, पाणी आणि अल्कोहोल मिसळलेलं असतं. शुद्ध अल्कोहोल ७८ अंशांच्या थोडं वर उकळतं, पाणी १०० ला, आणि मिश्रण या दोहोंच्या मध्ये, तेही एका जागी नाही. अल्कोहोल जसजसं निघून जातं तसतसं उकळण्याचं तापमान वर सरकत जातं. म्हणजे आलेखातली ती सपाटी इथे हलक्या चढाची होते आणि तापमान व अवस्था दोन्ही सोबत बदलतात. आपला एका टप्प्यात एकच काम हा नियम शुद्ध पदार्थांसाठी आहे, मिश्रणासाठी नाही. नवख्याने इथे नेमकं उत्तर काढायच्या भरीस पडू नये. ते पुढच्या वर्गातलं काम आहे.

वाफ थंड करण्याचा ढोबळ हिशेब मात्र करता येतो. वाफ सगळी पाण्याचीच आहे असं धरा. किलोभर वाफेचं पाणी होताना २२५७ किलोज्यूल बाहेर पडतात. ते वाहून नेणारं थंड पाणी २८ वरून ४८ अंशांपर्यंत तापू दिलं, तर २२५७ ÷ (४.१८ × २०) = २७ लिटर पाणी लागतं. अल्कोहोलचा अप्रकट उष्मा पाण्याच्या निम्म्याहूनही कमी, किलोला सुमारे ८४० किलोज्यूल असल्यामुळे प्रत्यक्षात आकडा यापेक्षा खाली येतो. तरीही दर किलो अर्कामागे बादलीभर पाणी धरूनच चालावं. भट्टी ओहोळाच्या किंवा विहिरीच्या काठाला लावतात ती यासाठी.

सरावासाठी

उत्तर पाहण्याआधी प्रत्येक गणिताची वाट कागदावर काढा.

५० किलोची बर्फाची लादी, २८ अंशांच्या पाण्यापासून उणे ५ अंशांपर्यंत गोठवायची. किती उष्णता काढावी लागेल? टप्पे तीन: ५० × ४.१८ × २८ = ५,८५२, मग ५० × ३३४ = १६,७००, मग ५० × २.१ × ५ = ५२५. एकूण २३,०७७ किलोज्यूल.

२ किलोचा लोखंडी तवा २७ अंशांवरून २२७ अंशांपर्यंत तापवायचा. टप्पा एकच: २ × ०.४५ × २०० = १८० किलोज्यूल.

त्याच तापलेल्या तव्यावर २७ अंशांचं ५० ग्रॅम पाणी ओतलं, तर सगळं उडून जाईल का? तवा १०० अंशांवर येईपर्यंत २ × ०.४५ × १२७ = ११४.३ किलोज्यूल देऊ शकतो. पाण्याला १०० वर यायला ०.०५ × ४.१८ × ७३ = १५.३ आणि वाफ व्हायला ०.०५ × २२५७ = ११२.९, मिळून १२८.२ किलोज्यूल हवेत. गॅस बंद असेल तर थोडं पाणी, साधारण ६ ग्रॅम, तव्यात उरेल.